चौदा मिलिमीटर

माझ्या जावयाचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्यात, या वाळवंटातल्या मूळ लोकांत, सासू जावयाचं नाव घेत नाही. त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या हातात काही देत नाही. तोही तसाच वागतो. यात भांडण नाही, हा मान आहे. पण त्या गुरुवारी सकाळी त्याचं बखोट धरून त्याला टायरपाशी न्यावं आणि विचारावं, "हे काय आहे रे?" असं मला फार वाटत होतं. आणि विचारता येत नव्हतं.

झालं होतं असं. गाडी दोन आठवडे त्याच्याकडे होती, लाकडं आणायला आणि शिकारीला. जावयाने गाडी मागवली की आपण नाही म्हणत नाही, कारण तो जे मारून आणतो त्यातला चांगला भाग सासूच्या चुलीपाशी येऊन पडतो. बुधवारी गाडी परत आली तशी मी पाणी भरायला बोअरपर्यंत निघाले. शंभर पावलांतच कळलं. स्टीअरिंग सरळ धरलं तर गाडी एका बाजूला ओढायची, सावरलं तर दुसऱ्या, पायात काटा गेलेल्या उंटासारखी. खाली उतरून पुढच्या चाकांवर हात फिरवला. दोन्ही टायरांची आतली कड खलास. बाहेरून पाहावं तर नवे कोरे, आतून दोरे लोंबत होते.

मग वाकून खाली पाहिलं. दोन्ही चाकांना जोडणारा जो आडवा दांडा असतो, टाय रॉड, तो आमचा नव्हताच. आमचा काळा होता. हा पिवळा होता. ओढ्यापलीकडे एक मोडकी गाडी पडली आहे, तिचा. म्हणजे या माणसाने कशाला तरी धडकून आमचा दांडा वाकवला, मोडक्या गाडीचा काढून बसवला, तो किती लांब किती आखूड काही न मोजता, आणि तसाच दोन आठवडे रान फिरला. आणि मला एक शब्द नाही.

तसा शब्द तो मला देऊ शकत नव्हता, ते मला कळतं. पण माझ्या मुलीला, लिनेटला, सांगता आलं असतं. ती मला सांगती. हाच तर रस्ता आहे ना?

एरवी मी चार शिव्या घालून गप्प बसले असते. पण शुक्रवारी मला अ‍ॅलिसला जायचं होतं, शहराला, चारशे किलोमीटर, त्यातला अर्ध्याहून जास्त कच्चा रस्ता, सगळा पन्हाळी पत्र्यासारखा. माझी थोरली बहीण युनिस तिथे असते. तिची मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून तीन दिवस मशीनला जोडतात. शुक्रवारी सकाळी मशीन झालं की सोमवारी सकाळपर्यंत ती मोकळी. आणि पुढच्या बुधवारी तिचा एक पाय कापणार होते. तिला त्याआधी एकदा घरी यायचं होतं, स्वतःच्या दोन पायांवर उभं राहून आपली जागा बघायची होती. ही एकच शनिवार-रविवारची जोडी उरली होती.

माझ्याकडे दोन चांगले टायर शिल्लक होते. ते पुढे बसवले. पण चाकं अशीच फाकलेली राहिली तर हे टायरही जाऊन येईपर्यंत संपणार, आणि मग मी आणि पाय सुजलेली युनिस रस्त्याच्या कडेला. म्हणजे गुरुवारच्या दिवसात चाकं सरळ करायलाच हवी होती. गॅरेज नव्वद किलोमीटरवर, आणि त्याचा मेकॅनिक फुटबॉलच्या सामन्यांना गेलेला. आमची अख्खी वस्तीच सामन्यांना गेली होती. लिनेट अ‍ॅलिसला मावशीपाशी. वस्तीत उरलो तीन जीव. मी, माझा कुत्रा बिस्किट, आणि दोनशे पावलांवर, झाडांच्या पलीकडे, तो.

हे काम मला येतं. माझा नवरा तीस वर्षं रस्ते सपाट करायचं मशीन चालवायचा, आणि आमची गाडी कधी कोणाच्या गॅरेजात गेली नाही. पुढचं चाक जॅकवर उचलायचं, टायरला मधोमध खडू घासायचा, चाक फिरवत त्यावर खिळा टेकवायचा, म्हणजे बारीक रेघ उमटते. दुसऱ्या चाकाचं तसंच. मग गाडी खाली घेऊन एक चाकभर पुढे ढकलायची, नाहीतर टायर आखडलेले राहतात आणि आकडा खोटा येतो. मग एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत टेप लावायचा, एकदा चाकांच्या पुढच्या बाजूला, एकदा मागच्या, दोन्हीकडे सारख्या उंचीवर. पुढचं अंतर दोन मिलिमीटर कमी यायला हवं. चाकं जराशी आत बघत असली की गाडी सरळ जाते.

सगळं एकटीने होतं. टेप सोडून. टेपला दोन टोकं असतात.

मी बिस्किटला मोठ्याने म्हटलं, वारा तिकडेच जात होता, "बिस्किट! ज्याने गाडीची वाट लावली त्याला म्हणावं, ये आता, टेप धर!"

तो आला. पाठ करून आला, खाली मान घालून, हातात एक जुनी चादर. ती त्याने गाडीच्या पोटाखाली लांबीच्या बाजूने बांधली, पुढच्या लोखंडी बंपरपासून मागे अ‍ॅक्सलच्याही मागपर्यंत, म्हणजे खाली वाकलं तरी आम्ही एकमेकांना दिसायला नको. टेप तेवढा चादरीखालून सरकेल. काम समजून केलं होतं, आणि त्याचाही मला राग आला. एवढी अक्कल आहे तर ती दोन आठवड्यांपूर्वी कुठे होती?

गाडीचं तोंड पूर्वेला होतं. मी उत्तरेच्या चाकापाशी मांडी घातली, तो दक्षिणेच्या. मध्ये बिस्किट पसरला.

"बिस्किट, टोक रेघेवर धरायला सांग. रेघेवर! खडूच्या पट्ट्यावर नाही."

पलीकडून हळू आवाज आला. "बिस्किट, बाईंना सांग, रेघेवरच आहे."

"मग हलतंय का?"

"बिस्किट, तू शेपूट हलवू नको. टेपला लागते."

कुत्र्यावर ढकललं. मी ऐकून घेतलं. पुढचं अंतर मोजलं, मग मागचं. परत मोजलं. पुढे चौदा मिलिमीटर जास्त. दोन कमी हवं तिथे चौदा जास्त! चाकं अशी दोन दिशांना तोंड करून बसली होती, जशी भांडलेली भावंडं.

"चौदा!" मी ओरडले. "बिस्किट, ऐकलंस का? चौदा! माझी बहीण उद्या या गाडीत बसणार आहे. त्याला विचार, डोळे होते का कुठे गहाण टाकले होते!"

बिस्किटने कान पाडले.

टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, एका टोकाला सुलटे, त्यामुळे दांडा जागच्या जागी फिरवला की तो लांब होतो किंवा आखूड होतो. आमच्या गाडीत तो अ‍ॅक्सलच्या मागे आहे. तो लांब केला की चाकांच्या मागच्या बाजू फाकतात आणि पुढच्या जवळ येतात. दोन्हीकडचे आवळलेले क्लॅम्प ढिले करून दांडा पाइप-पान्याने फिरवायचा, आणि त्याला ताकद लागते. ताकद त्याच्याकडे होती.

"बिस्किट, सांग. दांड्याची वरची बाजू पश्चिमेकडे. अर्धा फेरा. जास्त नको."

पाना करकरला. गंज इतका की तो खाली आडवा पडून कण्हत होता. अर्धा फेरा झाला, आम्ही गाडी पुढे ढकलली, मोजलं. आठ. म्हणजे दिशा बरोबर होती. माझ्या जिवात थोडा जीव आला.

तेवढ्यात वस्तीच्या मधोमध लोखंडी खोक्यातला फोन वाजला. लिनेट होती.

"आई, मावशीने बॅग भरून दाराशी ठेवलीये. कालपासून. नर्स अडखळून पडली."

"तुझ्या नवऱ्याने काय करून ठेवलंय माहितीये का तुला?"

"काय?" ती म्हणाली, आणि मग जरा थांबली. "कशाबद्दल म्हणतेस?"

मी सांगितलं. ती फक्त हं, हं करत राहिली. मग युनिसने तिच्या हातून फोन घेतला.

"ए धाकटे, गाडी येतेय ना? का मी टॅक्सीला हात करू?"

"येतेय, ताई. चाकं सरळ करतेय."

"चाकं वाकडी असली तरी चालतील. माझा पायही वाकडाच आहे."

"दुखतोय का?"

"काळा पडलाय. बुधवारी घ्या म्हटलं डॉक्टरांना. पण आधी घरी नेऊन आणते त्याला. एवढं चालवलं मला त्याने, आणि शेवटी हॉस्पिटलची फरशी बघून जाणार होय?" मग आवाज खाली आला. "येशील ना गं?"

"उद्या दुपारी दारात."

"आणि ओरडू नको कोणावर. इथपर्यंत ऐकू येतंय."

मी फोन ठेवला. डोळे पुसले. चहा ठेवला, पाव खाल्ला, चुलीपाशी जरा पडले. उठले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी लांबूनच ओरडले, "बिस्किट, अजून अर्धा फेरा! तसाच, पश्चिमेकडे!" पान्याचा आवाज आला, गाडी ढकलल्याचा आला. मग मी गेले आणि टेप लावला.

चौदा.

मी परत लावला. चौदा. सकाळची सगळी मेहनत मातीत. माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी उठून उभी राहिले आणि बिस्किटला मध्ये न घालताच बोलले, तोंड आकाशाकडे करून, पण त्यालाच. "पश्चिमेकडे म्हटलं होतं! पश्चिम कळत नाही? लहान पोराला कळते! बायको तिथे म्हाताऱ्या बाईचे पाय चेपत बसलीये आणि तू इथे मला रस्त्यावर मारायला निघालायस! गाडी मोडलीस, लपवलीस, आणि आता दुरुस्तीही मोडतोस!"

हे बोलायला नको होतं. असं थेट बोलणं म्हणजे अंगावरचं कापड ओढण्यासारखं आहे. पलीकडे पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, अगदी हळू. मग पावलं. तो निघून गेला होता.

मी हातातला टेप फेकला आणि वर पाहिलं. गाडीवर झाडाची सावली होती. सकाळी तिथे झाडाची सावली नव्हती. सकाळी गाडीचं तोंड सूर्याकडे होतं. आता तोंड पश्चिमेला होतं.

मी चहाला गेले तेव्हा त्याने गाडी वळवून सावलीत लावली होती, चादर पुन्हा नीट बांधून. मला उन्हात बसावं लागू नये म्हणून. आणि मग मी चुलीपाशी लोळत "पश्चिमेकडे" म्हणाले, आणि त्याने पश्चिमेकडे फिरवलं. तसंच. गाडी उलटी झाली म्हणजे दांडाही उलटा झाला, हे त्याला कळलं नसेल? नक्की कळलं असेल. पण सासूने सांगितलेलं तो खोडणार कसा? आम्ही डावं-उजवं म्हणत नाही, दिशाच म्हणतो, आणि दिशा हलत नाहीत. हलली होती गाडी. ते मी बघायला हवं होतं.

पण राग असा एका कारणाने जात नाही. बरं, हे माझं चुकलं, मी म्हटलं. पण दांडा? तो तर लपवलाच ना?

निखारे विझत आले होते. मी आगीतली सळई उचलली आणि राख सारायला लागले. ही सळई दोन आठवड्यांपूर्वी आली होती. त्याने एक मोठा कांगारू माझ्या चुलीपाशी आणून ठेवला होता, आणि शेपटीशेजारी ही जाड सळई, गुडघ्यासारखी मधे वाकलेली. खड्ड्यातले निखारे ओढायला सोयीची. मला वाटलं, चांगला विचार केला, भाजायला सळईही दिली. दोन आठवडे मी तिने चूल सारत होते. काजळीने ती आणखी काळी झाली होती, मुळात काळीच होती.

तिचं टोक माझ्याकडे होतं आणि ते पोकळ होतं. आत आटे होते. मी दुसरं टोक फिरवून पाहिलं. आत आटे, पण उलटे.

ज्या दिवशी आमचा दांडा वाकला त्याच दिवशी त्याने तो माझ्यापुढे आणून ठेवला होता. मांसाबरोबर, म्हणजे माझी नजर जाईलच अशा जागी. आणखी काय करणार होता तो? आणि मी, तीस वर्षं गाड्यांखाली लोळलेली बाई, मी त्याच्यावर कांगारूची शेपटी भाजली.

मला त्याचाही राग आला. त्याचा, माझा, लिनेटचासुद्धा, कारण फोनवर ती का थांबली ते मला आता कळलं. तिलाही त्याने सांगितलं होतं, आणि तिने आईच्या तोंडाला भिऊन ते गिळलं होतं. घरात सगळे मला इतके भितात, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते कळून मी आणखी चिडले.

मी ती सळई घेतली, गाडीपाशी गेले आणि चादरीच्या त्याच्या बाजूला, वाळूवर, पान्याशेजारी ठेवली. मग माझ्या चाकापाशी येऊन बसले आणि झाडांच्या दिशेला पाठ केली.

बऱ्याच वेळाने पावलं आली. थांबली. सळई उचलल्याचा आवाज आला.

"बिस्किट," तो म्हणाला, "बाईंना सांग, बुंध्याला धडकलो होतो. वाळवीने पोखरलेला वाटला. नव्हता."

"बिस्किट," मी म्हटलं, "पुढच्या वेळी मांसाशेजारी ठेवू नको म्हणावं. मांसाशेजारी ठेवलेलं सगळं मला जेवणच वाटतं."

पलीकडून नाकातून आवाज आला. हसला की शिंकला, कुत्र्यालाच ठाऊक.

"आणि सांग, वरची बाजू पूर्वेकडे. गाडीचं तोंड आता पश्चिमेला आहे. म्हाताऱ्या बाईला दिसलं नाही."

एक पूर्ण फेरा, मग वर एक तृतीयांश. गाडी ढकलली, मोजलं, परत ढकलली, परत मोजलं. पुढे दोन कमी. त्याने क्लॅम्प आवळले आणि मला दाखवायला प्रत्येकावर पान्याने दोनदा टकटक केलं. मी गाडी खाऱ्या मैदानावर नेली, जिथे एक दगड नाही, आणि वेगात असताना दोन्ही हात सोडले. ती सुतासारखी सरळ गेली.

शुक्रवारी दुपारी मी दारात होते. युनिसला पुढे बसवलं, लिनेट मागे बसली आणि चारशे किलोमीटर माझ्या मानेकडे बघत राहिली. मी तिला एक शब्द बोलले नाही. शेवटी तीच म्हणाली, "आई, ओरड ना एकदाची." युनिस म्हणाली, "घरी पोचल्यावर. मला ऐकायचंय नीट."

दिवस मावळताना पोचलो. तो वस्तीत नव्हता. बायकोची मावशी म्हणून युनिसही आमच्यात त्याची सासूच, त्यामुळे तो पलीकडे ओढ्यापाशी जाऊन राहिला होता. पण गाडीच्या जागेपासून युनिसच्या वाळूच्या टेकाडापर्यंत एक पायवाट होती, जी मी निघाले तेव्हा नव्हती. हातभर रुंद, विंचरल्यासारखी. दोन्ही कडांना काट्यांचे ढीग. एक काटा वाटेवर नव्हता. वाटेच्या सुरुवातीला ती वाकडी सळई वाळूत रोवलेली होती, धरून उठायला.

युनिसने खाली पाहिलं. "कोणी केलं हे?"

"हिच्या नवऱ्याने."

"चांगलं केलं म्हणावं."

"बिस्किटला सांग," मी म्हटलं.

तिने चप्पल काढली. पट्टी गुंडाळलेला पायही वाळूवर टेकला. लिनेट धरायला पुढे झाली तर तिच्या हातावर चापट मारली. ती एकटी गेली टेकाडापर्यंत, मधे चारदा थांबत, आणि वर जाऊन उभी राहिली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. शनिवारी ती तीनदा गेली. रविवारी सकाळी एकदा.

रविवारी दुपारी निघायलाच हवं होतं. सोमवारी सकाळी मशीन. युनिस गाडीत बसून पाय चाचपत होती, वाळूचे कण पट्टीत अडकले होते ते झटकू देत नव्हती. म्हणाली, "राहू दे. तिथे फरशीवर पडतील."

मशीन तिथे का, इथे का नाही? वीज आहे आमच्याकडे, पाणी आहे, खोली आहे. एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच वाळूवर दोन दिवस पाहुणी करून परत नेऊन द्यायचं, हे कोणी ठरवलं? मी हे कोणाला विचारू? मध्ये कोणता कुत्रा बसवू?

स्टीअरिंगवर माझी फक्त दोन बोटं होती. रस्ता पत्र्यासारखा खडखडत होता, तरी गाडी इकडे झाली नाही की तिकडे झाली नाही, नाकासमोर अ‍ॅलिसकडे चालत राहिली. मी वाट बघत होते, एकदा तरी ओढेल बाजूला, एखादा टायर जाईल, थांबावं लागेल. काही झालं नाही. काम फार चांगलं झालं होतं.